घड्याळ थोडे दिवस भिंतीवरच राहू द्या

आईबाबांनो,

गेल्या पावसाळ्यात एक जोडपं २४ दिवसांचं बाळ घेऊन माझ्या दवाखान्यात आलं. बाळ छान होतं, दुपट्यात गाढ झोपलेलं. आई मात्र खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, जणू आत्ता उठून पळायचं आहे. बाबांनी पिशवीतून दोनशेपानी वही काढून टेबलावर ठेवली. आत पट्टीने रकाने आखलेले होते : किती वाजता पाजलं, उजवीकडे किती मिनिटं, डावीकडे किती, शू, शी, झोप. पहाटे ३.१० ची नोंद होती, ३.५५ ची होती, ४.४० चीही होती. "डॉक्टर, एक दिवस दुसऱ्यासारखा नाही," ते म्हणाले. "सगळे सांगतात, तीन-तीन तासांनी पाजा. हा कधी पाऊण तासात उठतो, कधी साडेतीन तास डोळा उघडत नाही. आमचं चुकतंय कुठे?" तेवढ्यात आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

त्यांचं कुठेच चुकत नव्हतं. मी बाळाला काट्यावर ठेवलं, तर जन्माच्या वजनावर जवळजवळ ४०० ग्रॅम वाढले होते. पहाटे तीनला उठून नोंद करणारा बाप पाहिला की मला भरून येतं. पण त्या वहीत त्यांना जे दिसायला हवं होतं, ते २४ दिवसांचं कुठलंच बाळ दाखवू शकत नाही. त्या दोघांशी त्या दिवशी जे बोलले, तेच आज सवडीने तुमच्याशी बोलते आहे. कारण ही वही आता घरोघरी आहे. कुणाच्या हातात, कुणाच्या मोबाइलमध्ये.

आपण म्हणतो, बाळाला वळण लावायचं. मला हा शब्द फार आवडतो. अक्षराला वळण यावं म्हणून आपण मुलाला रोज तेच अक्षर गिरवायला देतो. किती वाजता 'क' काढायचा आणि किती वाजता 'ख', हे कुणी ठरवत नाही. गिरवून गिरवून हात वळतो. तान्ह्या बाळाचंही तसंच आहे. किती वाजले हे त्याला कळत नाही, पण कशाच्या मागून काय येतं हे हळूहळू कळायला लागतं. म्हणून पहिले काही महिने पोटाचं बाळावर सोडा, त्याने मागितलं की द्या. बाकीच्या दिवसाला एक क्रम असू द्या, आणि तो क्रम मात्र तुम्ही धरून ठेवा.

आधी पोटाचं. जन्माच्या दिवशी बाळ एका वेळेला जेमतेम चमचा-दीड चमचा चीक पितं. आईलाही तेवढाच येतो आणि बाळाला तो पुरतो. आठवड्या-दहा दिवसांत हेच प्रमाण ४५ ते ६० मिलिलिटरपर्यंत जातं. आईचं दूध पचायला हलकं, त्यामुळे दीड-दोन तासांत पोट पुन्हा रिकामं. म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, आणि या वेळा सारख्या अंतराने येत नाहीत. दुपारी एकदा पाजलं की तीन तास निवांत जातील आणि संध्याकाळी तीन तासांत चारदा पदराखाली घ्यावं लागेल. दोन्ही ठीक आहे. दूध तयार होण्याची रीतच तशी आहे : जेवढं बाळ ओढेल तेवढं पुढचं बनतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं तोडायला जाऊ नका. ते तुटलं की दिवसाचं दूधही उतरणीला लागतं.

भुकेलं बाळ लगेच रडत नाही, हे किती घरांत माहीत नसतं! ते आधी चुळबुळतं. मग तोंड उघडून मान इकडेतिकडे फिरवतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडाशी नेतं, ओठांचा चुटचुट आवाज करतं. रडणं सगळ्यात शेवटी. आणि रडून रडून लालबुंद झालेलं बाळ नीट तोंड लावत नाही. लावलं तरी दोन घोट घेऊन दमून झोपतं आणि अर्ध्या तासात परत उठतं. 'अजून वेळ झाली नाही' म्हणत घड्याळाकडे पाहणाऱ्या आईच्या नजरेतून नेमक्या या खुणा सुटतात. बाळाच्या तोंडाकडे पाहणाऱ्या आईच्या सुटत नाहीत.

मग पोट भरतंय की नाही, हे कळायचं कसं? दोरीवर वाळणारे लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, तर दूध पोटात जातं आहे. पिताना गिळल्याचा आवाज येतो, पिऊन झालं की मुठी सैल पडतात. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, सात ते दहा टक्क्यांपर्यंतही, आणि १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. पुढचे तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅमची भर पडत राहते. एवढं होत असेल, तर डावीकडे ११ मिनिटं की १४, याने काही बिघडत नाही.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा कावीळ झालेलं बाळ भूक लागूनही झोपून राहू शकतं. त्याला दोन-तीन तासांनी उठवून पाजायचंच. आणि कुठलंही बाळ जन्माच्या वजनावर परत येईपर्यंत सलग चार तासांपेक्षा जास्त उपाशी झोपू देऊ नका. तळपायाला गुदगुल्या करा, दुपटं काढा, ओल्या कापडाने तोंड पुसा. इथे घड्याळ खरंच कामाला येतं.

हे मी पुस्तकातून शिकले, पण पटलं ते स्वतःच्या अंगावर आल्यावर. माझी मुलगी १९८८ साली झाली. मी तेव्हा डॉक्टर झाले होते, बालरोगाचं शिक्षण घेत होते. ज्या रुग्णालयात बाळंत झाले, तिथे बाळं वेगळ्या खोलीत ठेवायचे आणि तीन तासांनी आयांकडे आणून द्यायचे. माझी लेक कधी गाढ झोपेत माझ्या हातात यायची, कधी रडून थकलेली. वीस मिनिटं झाली की परत न्यायचे. पाचव्या दिवशी घरी आलो तेव्हा मला पुरतं दूध येत नव्हतं आणि तिला बाटलीची सवय लागली होती. पुढचे तीन आठवडे मी आणि माझ्या सासूबाई दूध परत आणण्यासाठी झटत होतो. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी एकच सांगितलं, "पोर हललं की घे पदराखाली. मोजत बसू नकोस." हातात पदवी असलेल्या मला ते मानायला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांची हळहळ मला अजून आहे.

या तासांच्या गणिताला जुना इतिहास आहे. न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग नावाचे डॉक्टर होते. जुलाबांनी दगावणारी बाळं वाचावीत म्हणून त्यांनी १९०७ साली प्लंकेट सोसायटी सुरू केली. स्वच्छतेविषयी त्यांनी आयांना जे शिकवलं ते मोलाचं होतं. पण दर चार तासांनीच पाजायचं आणि रात्री मुळीच नाही, असा दंडकही त्यांनी घातला, आणि तो ब्रिटन आणि साम्राज्यातल्या इतर देशांपर्यंत पोहोचला. पुढे १९४६ साली अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या पुस्तकाने आयांना सांगितलं, स्वतःच्या समजुतीवर विश्वास ठेवा. आणि १९९१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बाळस्नेही रुग्णालयांची मोहीम सुरू केली : आई आणि बाळ एकाच खोलीत, आणि बाळ मागेल तेव्हा पाजणं. माझ्या मुलीच्या जन्मानंतर तीन वर्षांनी.

आता दिवेलागणीबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच वेळेबद्दल, कारण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच आयांचं दूध याच वेळेला तुटतं. दिवसभर शहाण्यासारखं राहिलेलं बाळ संध्याकाळी सहानंतर कशानेच समजत नाही. पाजलं की पाच मिनिटं शांत, पुन्हा रडतं, पुन्हा मागतं. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून हे वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास अगदी टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांत सहा आठवड्यांचं बाळ दिवसाकाठी साधारण पावणेतीन तास रडत होतं. निरोगी बाळ, पोट भरलेलं बाळ. त्यांचंही रडणं संध्याकाळीच जास्त होतं.

आपल्याकडे या वेळेला आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढतात. त्याला माझी हरकत नाही; घरातलं एक माणूस प्रेमाने बाळाजवळ येऊन उभं राहतं, आईला तेवढाच आधार. फक्त त्या मोहऱ्यांचा धूर बाळाच्या खोलीत नको. मला काळजी वाटते ती दृष्ट काढून झाल्यावर निघणाऱ्या एका वाक्याची. "दूध पुरत नाही गं तुझं." म्हणणारं माणूस मायेनेच म्हणतं, पण बाळंतिणीच्या काळजात ते रुतून बसतं. मग डब्याचं दूध येतं. बाळ बाटलीभर पिऊन गाढ झोपतं आणि सगळ्यांना पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. पण त्या रात्री ओढलं न गेलेलं दूध दुसऱ्या दिवशी तेवढंच कमी बनतं. मग आणखी एक बाटली लागते. महिन्याभरात ते वाक्य खरं होऊन बसतं.

संध्याकाळी सारखं सारखं पिऊन बाळ उद्याच्या दुधाची मागणी नोंदवत असतं. त्या दोन-तीन तासांत आईने दुसरं काहीही करू नये. भिंतीला पाठ टेकून, मांडीवर उशी घेऊन बसावं. स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा. मधल्या वेळात बाबांनी बाळाला छातीशी उभं धरून अंगणात, गॅलरीत फेऱ्या माराव्यात. तरीही मनात शंका राहिली, तर दुधाच्या डब्याआधी वजनकाट्याकडे जा. खेड्यात असाल तर आशाताईंना विचारा. बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं, आणि बाळ नीट तोंड लावतं का ते बघणं हे त्यांचं कामच आहे. या घरभेटींची वाट आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घालून दिली, याचा मला फार अभिमान आहे.

आणि ज्या आईला खरोखर वरचं दूध द्यावंच लागतं, तिने मनाला लावून घेऊ नये. डॉक्टरांना विचारून, उकळलेल्या भांड्यांत, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावं, मांडीवर घेऊन, त्याच्या डोळ्यांत बघत. बाटली उशीला टेकवून तोंडात देऊन ठेवू नये. बाळाला ठसका लागतो. त्यानेही पोट भरल्याची खूण केली की थांबायचं. वाटीतलं संपवायचा हट्ट नको.

आता झोपेकडे येऊ. "डॉक्टर, याने रात्रीचा दिवस केलाय," हे मी आठवड्यातून चारदा तरी ऐकते. पोटात असताना आई दिवसभर हिंडायची-फिरायची, तेव्हा झोके मिळून बाळ झोपायचं. रात्री ती आडवी झाली की हे जागं व्हायचं. बाहेर आल्यावर लगेच त्याला फरक कसा कळावा? अंधार पडला की झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक बाळाच्या शरीरात दिवस-रात्रीच्या तालावर तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. तोवर आईच्या रात्रीच्या दुधातून ते थोडं मिळतं. म्हणून कामावर जाणाऱ्या आयांनो, दूध काढून ठेवाल तेव्हा भांड्यावर दिवसाचं की रात्रीचं, हे जरूर लिहा.

आपल्या बाळंतिणीच्या खोलीची इथे थोडी अडचण होते. सव्वा महिना खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि रात्री बाळंतीण दचकू नये म्हणून दिवा चालू. म्हणजे बाळाच्या डोळ्यांना दिवसाही संधिप्रकाश आणि रात्रीही संधिप्रकाश. वाऱ्याचा झोत येऊ देऊ नका, पण उजेड येऊ द्या. सकाळी उठलं की खिडकी उघडायची, 'उजाडलं हं' म्हणून बाळाशी बोलायचं. दिवसा कुकरच्या शिट्या होऊ द्यात, भांडी वाजू द्यात. रात्री पाजताना मात्र एखादा मंद दिवा, बोलणं नाही, खेळवणं नाही, मोबाइलचा पडदा तर नाहीच. लंगोट भिजला असेल तर मुकाट्याने बदलायचा आणि परत झोपवायचं. पंधरा दिवसांत चमत्कार होणार नाही. दोन महिन्यांत रात्रीची झोप थोडी लांबलेली दिसेल.

आणखी एक गोष्ट, जी कळली तर तुमची कित्येक जागरणं वाचतील. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते. त्या झोपेत ते कण्हतं, तोंड वाकडं करतं, हसतं, हात झाडतं, डोळेसुद्धा किलकिले करतं. त्याचं झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर ते हमखास कुरकुरतं. आपण 'उठलं, उठलं' म्हणत उचलतो आणि खरोखर उठवतो. मिनिटभर थांबा. छातीवर नुसता हात ठेवा. पुष्कळदा ते सांधा ओलांडून आपण होऊन झोपतं.

क्रम लावायचा म्हणते मी, पण आपल्या घरांत एक सुंदर क्रम आधीपासून आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशी येतात, पाय पसरून बसतात, बाळाला पायांवर घेतात. तेल, मग ऊन ऊन पाणी, मग मऊ पंचा, झबलं, टोपडं, दुपट्यात गुंडाळणं, पोटभर दूध आणि मग तीन तासांची गाढ झोप. कशाच्या मागून काय, हे रोज ठरलेलं. जोडी मिंडेल या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली ७ महिने ते ३ वर्षांच्या मुलांच्या ४०५ आयांसोबत एक अभ्यास केला. रात्री अंघोळ, मग अंग चोळणं, मग कुशीत घेऊन गाणं किंवा शांत काही, आणि अंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवा बंद. एवढंच, पण रोज. दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि आयांचीही मनःस्थिती सुधारली. वाचताना मला आमच्या मावशींचे तेलकट हात आठवत होते.

तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात या सकाळच्या सोहळ्याची छोटी आवृत्ती संध्याकाळी सुरू करा. कोमट पाण्याने अंग पुसणं, पाच मिनिटं पाठ-पाय चोळणं, सैल कपडे, पाजणं, ढेकर, दिवा मंद, गाणं, पाळणा. सुरुवात साडेसातला झाली काय नि आठला झाली काय, क्रम मोडू देऊ नका. पूर्ण झोपायच्या आधी, डोळे पेंगुळलेले असताना पाळण्यात ठेवून बघा. जमलं तर छान. रडलं तर उचला, उद्या परत.

त्या सोहळ्यातल्या काही गोष्टी मात्र सोडायलाच हव्यात. धुरी नको, कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. कानात-नाकात तेल नको. गुटीत जायफळ उगाळू नका. जायफळाने बाळ झोपत नाही, गुंगतं. मध वर्षभर बोटभरही नको. त्यातल्या जंतुबीजांमुळे बॉट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. दुपट्यात पाय ताठ बांधू नका, खुब्यांना हलायला जागा हवी. आणि बाळाला नेहमी उताणं झोपवा. पाळण्यात मोहरीची उशी, लोड, मऊ खेळणी काही नको, गादी घट्ट. १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. उताण्या बाळाला दूध बाहेर आलं तर गुदमरेल, ही भीती आजीच्या मनात असते. तिला समजावून सांगा, की पाजून ढेकर काढलेलं निरोगी बाळ मान वळवतं किंवा गिळतं.

सहाव्या आठवड्याच्या लसीला ते वहीवालं जोडपं परत आलं. वही होती, पण रकाने विरळ झाले होते. बाबांना एक अडचण विचारायची होती, आणि ती विचारताना ते संकोचले. रात्री बाळाला झोपवायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं, पण त्यांना एकही अंगाई येत नव्हती. त्यांच्या आई लहानपणीच गेल्या. मी म्हटलं, "अहो, शब्द कुठलेही चालतील. आवाज तुमचा हवा आणि रोज तेच हवं. तुम्हाला पाठ काय येतं?" ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "पाढे."

"मग पाढे म्हणा," मी म्हटलं.

बाबांनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगितलं. पाजणं आईचं, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं तुमचं होऊ शकतं. उचलून आणणं, ढेकर काढणं, दुपटं बदलणं, झोपवणं. आईला २४ तासांत एकदा तरी चार तास सलग झोप मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून देणं तुमच्या हातात आहे. बारशाच्या आधी-नंतर येणाऱ्या पाहुण्यांना 'आत्ता ती झोपली आहे' असं सांगायलाही तुम्हीच उभे राहा. तिने सांगितलं तर तिच्या नावाला लागतं. आणि आई दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, 'मी नालायक आई आहे' असं म्हणत असेल, तर ते बाळंतपणाचं हळवेपण म्हणून सोडून देऊ नका. तिला डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

"बाळ रात्रभर झोपतं का हो?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि हो म्हणता न आल्याने कितीतरी आया मनातून खचतात. कॅनडातल्या ३८८ बाळांच्या माहितीवरून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरही २८ टक्के झोपत नव्हती. आणि त्यांच्या वाढीत, बौद्धिक विकासात काही कमी आढळलं नाही. तुमचं बाळ रात्री दोनदा उठत असेल, तर ते बिघडलेलं नाही, आणि तुम्हीही नाही. चौथ्या महिन्याच्या सुमाराला चांगली लागलेली घडी एकदम विस्कटते, कारण त्याची झोप मोठ्यांच्या झोपेसारखी होऊ लागलेली असते. घाबरू नका, क्रम सोडू नका.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न. उष्टावण थाटात करा, पण दुसऱ्या दिवशीपासून चांदीची वाटी बाजूला ठेवून खरी सुरुवात करा. मऊ भात-वरण-तूप, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं; चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट. नुसतं वरणाचं पाणी पोट भरतं, पोसत नाही. सुरुवातीला दिवसातून दोनदा-तीनदा, दोन-तीन चमचे, हळूहळू अर्धी वाटी. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवा. रात्री झोपावं म्हणून सहा महिन्यांच्या आत बाटलीत पीठ कालवून देणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणते. त्याने झोप वाढत नाही, जुलाब वाढतात.

नोकरदार आयांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. शेतात, विटभट्टीवर, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या माझ्या कितीतरी बायांना ती नाही. त्या सव्वा महिन्यात कामाला लागतात. त्यांच्या बाळांना क्रम लावण्याच्या गोष्टी सांगताना माझी जीभ अडखळते. तुमच्या घरी अशी कुणी बाई काम करत असेल, तर तिला बाळ बरोबर आणू द्या आणि मध्ये बसून पाजू द्या. मला यापेक्षा मोठी मदत सुचत नाही.

आणि एवढ्या वेळा थेट दवाखाना गाठा : तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पिणं अचानक सोडणं, उठवूनही न उठणं, शू अगदी कमी होणं, हिरवी उलटी, श्वास धापा टाकल्यासारखा चालणं. तेव्हा सकाळ व्हायची वाट बघायची नाही, कुणाला विचारत बसायचं नाही.

चौदाव्या आठवड्याच्या लसीला ते जोडपं आलं तेव्हा वही बरोबर नव्हती. आई खुर्चीत पाठ टेकून बसली होती. सुई टोचल्यावर बाळाने आकांत मांडला. आईने पाजायला घेतलं, तर घेईना. बाबा पुढे झाले, त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, माझ्याकडे जरा लाजून पाहिलं आणि हळू आवाजात सुरू केलं. बे एके बे. बे दुणे चार. बाळाने हुंदका अर्धवट सोडला. बे त्रिक सहा. मान खांद्यावर टेकली. बे सक बाराला डोळे मिटले होते. बाबा मात्र वीसपर्यंत थांबले नाहीत.